शेवटचा खेळ

रात्री साडेबाराला खेळ सुटला
आणि स्कूटर काढता काढता दोन तट पडले.

सर्जेराव म्हणाला, नादखुळा!
आगगाडी पुलासकट उडाली तवा
सोडा नाकातनं आला माझ्या.
शामल चौगुले हेल्मेट काखेत धरून म्हणाली,
एवढ्या पैशात तालमीची कौलं बदलून
वर गावजेवण झालं असतं.
हसू आलं ते एकदाच,
मधे लाइट गेली तेव्हा.

तिचा नवरा सर्जेरावच्या बाजूचा.
तो चालत घरी गेला, एकटा.

गंगावेशीत दूधकट्ट्यावर वाद पुन्हा पेटला:
टोपीवाला विनोदी का नुसता बावळट,
गुत्त्यातली मारामारी रंगली का लांबली,
आणि त्या वाळवंटात
इतक्या इस्त्रीचे शर्ट आले कुठनं.

मी शहाबुद्दीन नालबंदांना विचारलं.
वय ऐंशी. इथं घोड्यांची चित्रं निघायची तेव्हा
नाल तेच ठोकायचे,
आणि नायक जिथं पडायचा
तिथं पडायचेही तेच.

पेल्यावरची साय बोटानं सारत ते म्हणाले,
तांबडं जनावर बघितलंस? मागचा उजवा पाय?
नाल ढिला होता.
सगळं थेटर हसत होतं, आणि मी मनात,
अरे उतरा की कोणतरी, खूर बघा त्याचा.

कुणी काही बोललं नाही.
मग सर्जेराव हळूच,
पण आगगाडी...

उद्या दुपारचं तिकीट काढलंय मी.
अगदी पुढचं.