तिन्हीसांजेचं विरजण

डार्लीन दारात उभी. हातात लोणच्याची
धुतलेली, रिकामी बरणी.
मॅरिएटात नोव्हेंबरात पाचलाच दिवे लागतात,
आणि दिवेलागणीला विरजण देऊ नये
हे ओहायो नदीच्या काठावर
मी कोणाला समजावणार?

एकतीस वर्षं तिनं तव्यांना लेप चढवला.
अंडं चिकटू नये, धिरडं चिकटू नये.
तव्याला जे काहीच चिकटू देत नाही
ते हिच्या रक्तात चिकटून बसलंय.
नळाच्या पाण्यातूनही आलं म्हणतात, थोडं थोडं,
सगळ्या गल्लीला.

डॉक्टर म्हणाला, लिव्हर.
मी मनात म्हटलं, काळीज.
आमच्याकडे शब्द एकच.
खाटकाच्या फळीवर असतं तेही काळीज
आणि रात्री फोन वाजला की चर्र होतं
तेही.

मी काम करते तिथे उंदीर आहेत.
अर्ध्यांना विष आणि पाणी.
अर्ध्यांना विष, पाणी आणि दह्यातले जंतू.
शेवटी मी त्यांची काळजं तोलते
सोन्याच्या तराजूहून नाजूक काट्यावर.
फरक पडतो. दहा-बारा तांदळांइतका.
कधी पडतही नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं.
म्हटलं, बाई, हे औषध नाही,
आणि उंदीर म्हणजे काही तू नव्हेस.
ती हसली. "एकतीस वर्षं होतेच की.
फक्त माझं वजन कोणी केलं नाही."

मग मी चमचा काढला.
दूध कोमट हवं: करंगळी बुडवून
दहा अंक मोजता आले पाहिजेत.
तिनं तिथेच इंग्रजीत मोजून पाहिलं,
सातावर बोट काढलं.
ओव्हनचा नुसता दिवा लाव. झाक. हलवू नकोस.
रात्रभर कुतूहल आवर.
वर एक मिरचीचं देठ टाकलं.
ते कशाला, तिनं विचारलं.
चवीला, म्हटलं.
(अवेळी दिल्याचा दोष जावा म्हणून, आई.)

पहिल्यांदा तिचं दूधच राहिलं.
दुसऱ्यांदा तार आली.
तिसऱ्यांदा तिनं खिडकीतून
बरणी उलटी धरून दाखवली,
पडलं नाही.

फेब्रुवारीत बर्फानं तारा तुटल्या, चार दिवस वीज नव्हती,
आणि माझंच विरजण नासलं.
सतरा वर्षांचं, खंड न पडलेलं.
कोणाला सांगणार? दह्यासाठी कोणी रडतं का.

गुरुवारी पायरीवर तीच बरणी.
रिकामं भांडं परत करू नये
हे तिला मी कधी शिकवलं नव्हतं.
झाकणावर चिकटपट्टी, तिच्या अक्षरात तारीख,
आत, वाळलेलं, एक मिरचीचं देठ.

तिच्या नव्या आकड्यांचं तिनं काही सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
बरणी उजेडात धरली:
दही घट्ट, कडेनं थोडं पाणी सुटलेलं.
तेवढं पाणी मी
ओतून टाकत नाही.