सातवा टेक

कुहमोजवळच्या बर्फात
तौनोला मरायचं होतं.
वीस वर्षं टीव्हीवर, बादलीत पाय अडकून
घराघरांत पडलेला माणूस.

गोळी लागली, तो पडला,
आणि कॅमेऱ्यामागं कुणीतरी फिसकन हसलं.
दिग्दर्शक म्हणाला, पुन्हा. साधं पड.
साधं कसं पडतात? त्यानं विचारलं.
त्यावरही हसलेच सगळे.

सहा टेक. मिशीवर बर्फ,
खोट्या रक्ताची खरी खपली.

स्लेजची घोडी धरून उभा म्हातारा एइनारी
तोवर गप्प होता.
"पहिलाच बरोबर होता," तो म्हणाला.
"आमचा कोर्पेला असाच गेला, एक पाय वर.
आम्ही हसत होतो
बराच वेळ."

घोडीनं मान झटकली.
तौनो टोपी शोधत होता,
डोक्यावरच होती.
या वेळी कुणी हसलं नाही.