हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की आम्ही दोघं बँकेत जातो,
बाबा जिवंत आहेत हे सांगायला.
विक्रोळीची शाखा, टोकन एकशे बारा,
एसी अठरावर.
बाबा पिशवीतून स्वेटर काढून घालतात.
शेजारचा माणूस मानेवरचा घाम पुसत
आधी त्यांच्याकडे बघतो, मग माझ्याकडे.

'काका, अंगठा ठेवा.'
यंत्र लाल होतं.
'जरा जोरात.'
लाल.
'दुसरं बोट बघू?'
दुसरं पहिल्या पेरापर्यंतच आहे.
तिसऱ्याचं कातडं घासलेल्या पातेल्यासारखं,
त्यावर एकही रेघ राहिलेली नाही.
पडद्यावरची नजर न काढता मुलगी म्हणते,
'तुमची बोटं सापडत नाहीयेत, काका.'
'मलाही नाही सापडली,' बाबा म्हणतात.
ती हसते. मग हात बघते.

या हातांवर मी आकडे शिकले.
साडेसातच्या पुढे मला बालवाडीत शिकवलं.

ग्लेशियरवरचं ते सांगत नाहीत.
सांगतात ते रॉकेलचा वास लागलेल्या चहाचं,
उशाखाली घेऊन झोपायच्या टूथपेस्टचं.
एकदाच म्हणाले, चंदगडचा परसू माझ्या दोरीला होता.
दोरीला, म्हणाले,
आणि पाणी मागितलं.

निवृत्तीनंतर पहिली नोकरी
भाऊच्या धक्क्याजवळ, बर्फाच्या कारखान्यात.
फाटकावर उभं राहायचं, पगार बरा.
रात्री दोनला लाद्या फोडायचं यंत्र सुरू झालं.
उजाडताना बाबा दारात,
धक्क्यापासून विक्रोळीपर्यंत चालत,
बूट हातात.
मासळीचा वास सोसत नाही, म्हणाले.
आदल्या दुपारी ताटातले बोंबील काट्यासकट संपवलेला माणूस.
आईने मान डोलावली
आणि त्या दिवसापासून फ्रीजचा वरचा कप्पा रिकामा ठेवला.

मग घाटकोपरचं एटीएम.
काचेच्या आत गारवा, हे बाहेर स्टुलावर,
मे महिन्यातसुद्धा. बारा वर्षं.
लोक म्हणायचे, आत बसा की, हवालदार.
रविवारी मला दादरच्या चौपाटीवर न्यायचे,
काला खट्टा घेऊन द्यायचे,
आणि माझा गोळा संपेपर्यंत
माझ्याकडे पाठ करून समुद्र बघायचे.
मला वाटायचं, त्यांना समुद्र फार आवडतो.

'आता डोळा, काका. या भिंगात बघा.
पापणी हलवायची नाही हं.'
हे त्यांना येतं.
पाठ ताठ होते, हनुवटी वर,
श्वास इतका हळू
की मीच घाबरून मोजायला लागते.
'झालं काका,' मुलगी म्हणते.
ते बघतच आहेत.
'काका, झालं.'
मी कोपराला हात लावते.
खांद्याला नाही. मागून तर कधीच नाही.
आमच्या घरात हे बाराखडीच्या आधी शिकवतात.

चिठ्ठी निघते.
हिंदुराव जगदाळे, हवालदार, निवृत्त.
हयात.
पुढच्या नोव्हेंबरपर्यंत.

बाहेर पायरीवर, स्वेटरसकट उन्हात उभं राहून
बाबा आज अचानक म्हणतात,
परसूच्या आईलाही द्यावा लागायचा हा दाखला.
पोराचं लग्न व्हायचं होतं, म्हणून पेन्शन तिच्या नावावर.
सोळा वर्षं ते एसटीने जात राहिले,
दर नोव्हेंबरात, चंदगडला.
आम्हाला सांगायचे, शेताचं काम आहे.
तिला हाताला धरून ट्रेझरीत न्यायचे,
ती म्हातारी याच साडेसात बोटांना धरून चालायची.
'तिचा अंगठा पहिल्या झटक्यात उठायचा, शाईत.
रेघ न रेघ शाबूत होती बघ.'
एवढंच.
चिठ्ठीची चार घड्यांची घडी खिशात जाते.

कोपऱ्यावर पापलेट घेतो आम्ही, दोन,
बाबा कल्ले उघडून बघतात, भाव करतात.
कोळीण पिशवीत टाकायला
मूठभर बर्फ उचलते.
'बर्फ नको, बाई,' बाबा म्हणतात.
'घर जवळच आहे.'