बिनशिक्क्याचा काटा

गाडी मावसभावाची, चार वर्षं पुण्यात फिरलेली.
किल्ली फिरवली की पडद्यावर उगवतं :
तेलाचं आयुष्य बासष्ट टक्के.
कुणी सांगितलं?

मी वजनमापाची निरीक्षक.
पारोळा, अमळनेर, धरणगाव,
तीन बाजारांतले तराजू माझ्या हाताखालून जातात.
भाजीवालीचं किलोचं माप उलटं करून
त्याच्या बुडातलं शिसं मी नखानं टोकरते.
जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या ट्रकआधी
माझी वीस-वीस किलोची वजनं चढतात.
आणि इथे, माझ्याच गुडघ्यांसमोर,
एक काटा, ना शिक्का ना साल.

सुकलाल मिस्तरीनं दांडी ओढली, पुसली,
पुन्हा घातली, पुन्हा ओढली,
अंगठा नि बोटामध्ये थेंब चोळला
कळण्याचं पीठ पाहावं तसा.
"बदली टाका ताई. काळं व्हयी जायेल शे."
मी पडदा दाखवला.
तो हसला. "तो काय धूळ मोजस का?"

रात्री पुस्तिका वाचली, बारीक अक्षरातली.
ह्या गाडीत तेलाला शिवणारं काहीच नाही.
ती इंजिनाचे फेरे मोजते, ताप मोजते,
गार असताना कितीदा उठवलं,
जागच्या जागी किती घुरघुरली.
झाकण न उघडता
शिट्ट्या मोजून डाळ शिजली म्हणावं, तसं.

आणि मोजणी सुरू कुठून?
शेवटी कुणीतरी बटण दाबलं, तिथून.
मावसभावाला फोन केला :
तेल बदलूनच दाबलं होतंस ना?
"बहुतेक."
ह्या शब्दावर मी आजवर
एकही तराजू पास केलेला नाही.

मग पडताळणी. जाड पांढरा कागद,
दर दहा टक्क्यांना एक थेंब,
शेजारी तारीख, किलोमीटर.
पन्नासला चहा. चाळीसला गुळाचा पाक.
मग मे. रावेरला आठ दिवस,
केळीच्या काट्यांची तपासणी, पारा सेहेचाळीस,
मी गाडीतच फाइली लिहीत बसायची,
एसी लावून, इंजिन चालू ठेवून.
गाडी चालली एक्याऐंशी किलोमीटर
आणि आकडा नऊ घरं उतरला.
थेंब पाहिला : मधोमध डांबराचा ठिपका.
म्हणजे ह्याला कळलं होतं.
दर पाच हजाराला बदला म्हणणाऱ्या सुकलालनं
हे एक्याऐंशीच धरले असते.

पण परतताना चोपड्याकडे रस्ता खोदलेला,
वावटळ, पुढचा ट्रॅक्टर दिसेना.
सुकलालनं एअर फिल्टर झटकला
तर त्याच्या ओट्यावर पावशेर रान पडलं.
आकडा तस्साच. एकतीस.
मिस्तरी काही बोलला नाही,
नुसता झाडू आणायला गेला.

प्रत्येक मापाला थोडी चूक माफ असते,
किती, ते आमच्या तक्त्यात छापलेलं आहे.
ह्याचा तक्ता मलाच करावा लागला :
पुस्तिका म्हणते पंधराला बदला.
पाच मी धुळीचे धरले.

वीसला, सोमवारी, रजा टाकून गेले.
जुनं तेल घमेल्यात उतरलं,
आधी धारेनं, मग ओढून ओढून.
सुकलालचं बोट बटणाकडे गेलं.
थांब, म्हटलं, आधी तेल पडू दे.
साडेतीन लिटर.
डबा उपडा धरून शेवटचा थेंब निथळेपर्यंत मी उभी,
पूर्वी रॉकेलच्या मापाला उभी राहायचे तशी.
मग बटण. शंभर.
कागदावरचा नवा थेंब शोधावा लागला,
इतका फिका.

"ताई, आते शिक्का मारा!"
पर्समध्ये खडू होता.
बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख लिहिली.
सुकलालनं वाचली, मान डोलावली,
आणि तिच्याखाली
आपला तेलकट अंगठा टेकवला.