डोळ्यातलं फूल

उसाच्या पातीला धार असते
हे रस पिणाऱ्यांना ठाऊक नसतं.
बावड्याच्या गाडीतळावर रात्री
बैल वाढ्याच्या पेंढीत तोंड खुपसतो
आणि मान वर करतो तेव्हा
एक डोळा मिटलेला असतो,
गालफडावर पाण्याची ओली वाट.

मी व्रणोपचारक. शब्द सरकारी आहे.
गाडीवाले म्हणतात, डोळं बांधणारा घस्ते.

मगदूम मॅडम नारिंगी कागदाची पट्टी
बुबुळाला हलकेच टेकवायच्या,
मी निळी बॅटरी धरायचो,
आणि काळ्याभोर पाण्यात
जखम काजव्यासारखी हिरवी पेटायची.
मी वहीत लिहायचो: उजवा, चार मिलिमीटर.

वडणग्याच्या सुंद्राक्काकडं पट्टी नव्हती.
ती बैलाच्या तोंडासमोर उकिडवी बसून
नुसती बघायची. बराच वेळ.
मग पहाटेच्या दवातल्या तगरीच्या कळ्या,
धुतलेला पाटा, मलमलीची चिंधी,
तीन थेंब.
तंबाखू चघळून डोळ्यात थुंकणाऱ्यांना
तिनं आयुष्यभर शिव्या घातल्या.
"झोंबलं की गुन आला, आसं कोन म्हनलं रं?"
डोळ्यात पडलेलं फूल
फुलानंच उतरतं, असं तिचं म्हणणं.

मॅडमनी ते म्हणणं वहीत घेतलं
आणि तिला बोलावून समजावलं:
मलम सगळ्यांनाच देऊ.
वरचे थेंब मात्र दोन बाटल्यांतले,
अ आणि ब.
एकीत तुझी तगर, एकीत नुसतं खारं पाणी.
कुणाला काय, ते बिस्किटाच्या डब्यातली चिठ्ठी ठरवणार.

"म्हंजे निम्म्यांस्नी पानीच?"
"पाणीच."
"औषिद ठावं आसून?"
"ठाऊक नाही, आक्का. म्हणून तर."

चहावर साय धरली.
ती उठली. दारात थांबली.
"चाळीस वर्सं म्या आंदळीच हुते म्हना की."
मॅडम काही बोलल्या नाहीत.
मी उगाचच बाटल्यांची बुचं घट्ट केली.

मार्गशीर्षात एका सकाळी
शिवाजी पुलावरून ती चालत आली,
दाव्याला तिचीच रेडी, चंद्री.
डावा डोळा मिटलेला.
काहीच न बोलता तिनं डब्यात हात घातला.
ब.

ब म्हणजे काय, मला माहीत नव्हतं,
मॅडमनाही नव्हतं;
पाकीट क्लार्कच्या कपाटात, लाखेनं बंद.

मी रोज वडणग्याला जाऊ लागलो, थेंब घालायला.
तिच्या दारातच तगरीचं झाड.
पांढरं, बिनवासाचं, इतकं भरलेलं
की सावलीसुद्धा पांढरी वाटावी.
रात्री चंद्री कण्हायची, शेजारीण सांगत होती,
आणि आक्का पाट्याजवळ बसून राहायची,
पाटा कोरडा.

चौथ्या दिवशी मी सायकल लावताना
नकळत वर बघितलं.
"कळ्या मोजतोयस व्हय रं? मोज.
काल पस्तीस हुत्या. फुलल्या, गळल्या.
हात न्हाई लावला."
माझी मान खाली ती खालीच.

अकराव्या दिवशी पट्टी लावली, बॅटरी मारली.
हिरवं काही पेटलं नाही.
बुबुळाच्या कडेला मात्र
तांदळाच्या कणीएवढं फूल राहिलं.

पाकीट फुटलं शिमग्यानंतर.
एकसष्ट जनावरं, दोन बाटल्यांत
दीड दिवसाचा फरक, तगरीच्या बाजूनं.
मॅडम म्हणाल्या, एवढ्यावरून
हो म्हणता येत नाही,
नाही म्हणायचंही धाडस होत नाही.
ब म्हणजे पाणी होतं.

हे सांगायला मीच गेलो.
वाटेत तीनदा सायकलवरून उतरलो.

सुंद्राक्का शेण भरत होती.
ऐकून घेतलं, पाटी खाली ठेवली,
हात पदराला न पुसता तसेच धरून
चंद्रीकडं बघत राहिली.
मला वाटलं, आता शिव्या.
मला वाटलं, आता रडेल.

"मग नक्की कळायला," ती म्हणाली,
"आनिक किती जनावरं लागतील?"

मी डाव्या बाजूला उभा होतो.
चंद्रीनं मला बघायला
मान जरा जास्तच वळवली.