पाचवर

वूच शहर. बंद गिरणीमागचं तळघर.
बोगुमिल खोडरबराने घासतोय
कार्डाचे सोनेरी दात.

गेनोवेफाबाईंनी ते पावाच्या पिशवीतून आणलं.
नवऱ्याचं साउंड कार्ड.
"वाजतं का बघा. नाही वाजलं तरी पैसे देईन."

पडदा काळा. एक लांब शिट्टी, दोन आखूड.
"हे दुसऱ्याच कार्डाचं रडगाणं, तुमच्या नाही,"
तो म्हणाला, आणि शेजारचं कार्ड
अंगठ्याने खोल दाबलं.
आकडे धावू लागले,
सहाशे चाळीसवर येऊन थांबले.

मग त्याला जंपर दिसला.
कारखान्यातून तो सातवर येतो.
हा पाचवर सरकवलेला,
आणि बाजूला पेन्सिलीने, मुंगीएवढं:
सात गेनियाला.

"सातवर काय असतं?"
"प्रिंटर."

बाई स्टुलावर टेकल्या.
"रात्री मी भाषांतरं छापायचे, हा खेळायचा.
दोघांचं एकदम सुरू झालं
की मशीन गपगार.
पुढे ते थांबलं.
मला वाटलं, आपोआप."

स्पीकरमधून आधी खरखर आली,
मग एक तुतारी, पत्र्याची, जराशी बेसूर.
बोगुमिलने आवाज वाढवला नाही.
चिठ्ठीवर लिहिलं:
चालू आहे. जंपर हलवू नये.