डाव्या पायाचा मोजा

हॉस्पिटलात दोन मोजे दिले, पिवळेधमक.
पडलेल्या माणसांचा तिथे हाच रंग.
तळव्याला रबराचे पांढरे ठिपके,
फरशीने पाय सोडू नये म्हणून.
माझा डावा पाय प्लास्टरात,
तेव्हा जोडीतला एक कोराच राहिला.

डलूथ. जानेवारी.
खिडकीतलं सरोवर आता नुसता पांढरा माळ.
पायऱ्या तीन, हातात कचऱ्याची पिशवी,
एवढ्यावर सहा आठवड्यांची रजा मिळाली.
बर्फाने शाळाही बंद,
आणि निहिरा उशाशी उभी:
"बाबा, मला ससा पाहिजे.
दुकानातला नको. तू केलेला."

मी आयुष्यात एकच बटण लावलंय,
तेही शर्टाची पुढची बाजू मागच्या बाजूला टाचून.

खालच्या मिसेस लेहतोनेननी डबा पाठवला,
निळा, गोल, बिस्किटांचा.
आत बिस्किटं नसणार हे झाकण उघडण्याआधीच
मला ठाऊक होतं. असा डबा आमच्याकडेही होता.
बटणं, हुक, लेसचा तुकडा,
फेल्टच्या कातरणी, कुणाच्या तरी कोटाचं अस्तर.

सुई घेतली. दोऱ्याला थुंकी लावली. चुकला.
पीळ दिला. पुन्हा चुकला.
ह्या भोकाला नेढं म्हणतात, मी म्हणालो,
वेळ काढायला.
राजगडावर एक आहे, सुवेळा माचीवर,
कातळाला आरपार.
विसाव्या वर्षी मी त्यात बसलो होतो, पाय सोडून,
आणि वारा ह्या बाजूने येऊन त्या बाजूला जात होता.
"मग आता का जात नाही?"
तिने दोरा माझ्या हातातून घेतला
आणि एका दमात ओवून दिला.

धावदोरा घातला, तो धावेना, लंगडला.
पोटात जुन्या उशीचा कापूस,
माझ्या थर्मलची फाटकी बाही,
बूड जड व्हावं म्हणून मूठभर मसूर.
"उगवेल का?"
भिजला नाही तर नाही.
कान फेल्टचे, एक लांब, एक आखूड,
दोन्ही दिवेलागणीपर्यंत गळून पडले.
शेपूट मात्र वाढतच गेलं,
कारण मोजा कुठे बंद करायचा तेच मला कळेना.
टाचेच्या जागी कुबड आलं.
(कुबड्या भिंतीला टेकून सगळं बघत होत्या.)
एक डोळा तपकिरी, कोटावरचा,
दुसरा शिंपल्याचा, कुठल्या तरी जुन्या झग्याचा.

मग आम्ही बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो.
"हा ससा नाही," ती म्हणाली.
रागाने नाही. डॉक्टर सांगतात तसं.

मी त्याला उताणं केलं.
पोटावर ओळीने रबराचे ठिपके.
घोरपड, मी म्हणालो.
"म्हणजे?"
म्हणजे जी सोडत नाही.
कड्याला चिकटली की चिकटली,
खाली माणूस लोंबकळला तरी.
"खरंच?"
म्हणतात.

तिने लगेच तपासलं.
फ्रिजच्या दारावर: पडली.
भिंतीवर: पडली.
माझ्या प्लास्टरवर ठेवली, गुडघ्याच्या उताराला.
तिथे राहिली.
मी श्वाससुद्धा बेताने घेतला.

रात्री तिच्या पांघरुणात घोरपड नव्हती.
उशीखाली नव्हती, सोफ्यामागे नव्हती.
सकाळी मुग्धा नाइट ड्यूटीवरून आली,
दार उघडंच ठेवून म्हणाली, हे काय?

तिसऱ्या पायरीवर,
रात्रभराच्या हिमात,
शेपूट ताठ, शिंपल्याच्या डोळ्यावर पांढरा पापुद्रा.

"तिला सांगून ठेवलंय," निहिरा म्हणाली,
"बाबा उतरेल तेव्हा पायरी धरून ठेव."

मी दारात, उजव्या पायावर.
त्या पायात जोडीतला दुसरा,
ठिपके झिजलेला.

आत आणून हीटरवर ठेवलीय.
मसूर भिजलाय बहुतेक.
बघू.